वर्गणी मागणाऱ्या बाई

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिथुआनियातल्या शेतकऱ्याच्या घरात एखादा मुलगा हुशार निघाला, की त्याचं पुढचं आयुष्य आईबाप ठरवूनच टाकत. मुलगा पाद्री होणार. त्यासाठी घरची माणसं जास्त राबत, पोटाला चिमटा काढत, भावंडं आपला वाटा सोडत. मुलगा पाद्री झाला की घराण्याला मान मिळे, आईबापांच्या म्हातारपणाची सोय होई. पण मुलगा ‘सेमिनरीत जात नाही, मला विद्यापीठात शिकायचंय’ म्हणाला, की घरून येणारा पैसा बंद.

विद्यापीठ तरी जवळ कुठं होतं? विल्नियसचं जुनं, नावाजलेलं विद्यापीठ रशियाच्या झारनं १८३२ साली बंद केलं होतं. आदल्या वर्षीच्या उठावाची ती शिक्षा होती. शिकायचं तर मॉस्को, पीटर्सबर्ग, वॉर्सा नाहीतर दोर्पात गाठायचं. तिथं खोलीचं भाडं, पुस्तकं, हिवाळ्याचा कोट, सगळं आलं. बरं, एवढं करून पदवी मिळवली तरी कॅथलिक लिथुआनियन माणसाला आपल्या मुलखात सरकारी नोकरी मिळणं जवळजवळ अशक्य. सरकार त्याला दूर रशियात धाडी. मायदेशात राहून पोट भरायचं तर डॉक्टरकी किंवा वकिली, एवढेच रस्ते उघडे. हुशार पोरांची एक अख्खी पिढी अशी अडकून पडली होती.

योनास बिलियूनास हा त्यांतलाच एक. लहानपणीच आईबाप गेले. मोठ्या भावांना त्याला पाद्री करायचं होतं. तो तयार झाला नाही, तसं घर तुटलं. शिकवण्या करत तो दोर्पातला वैद्यक शिकायला गेला. विद्यार्थ्यांच्या निषेधात भाग घेतला म्हणून १९०१ साली तिथून त्याला काढून टाकलं. पुढं तो लाइप्झिगला आणि झुरिचला गेला, लेखक झाला, आणि १९०७ साली, वयाच्या २८व्या वर्षी, क्षयानं वारला. लिथुआनियन कथेतलं हळवं, काळजाला भिडणारं जे काही आहे त्यात त्याचा वाटा मोठा आहे. या मुलाच्या शिक्षणाला पैसा पुरवणाऱ्यांत एक संस्था होती. नाव ‘झिबुरेलिस’. तिची कुठल्याही कचेरीत नोंद नव्हती, दारावर पाटी नव्हती. सरकारच्या लेखी तर ती अस्तित्वातच नव्हती.

१८९३ साली ही संस्था दोन स्त्रियांनी उभी केली. एक याद्विगा युश्किते आणि दुसरी गॅब्रिएले पेत्केविचाइते. त्यानंतर २७ वर्षांनी, स्वतंत्र लिथुआनियाच्या संविधान सभेची पहिली बैठक भरली, तेव्हा तिच्या अध्यक्षस्थानी याच गॅब्रिएले बसल्या होत्या. वर्गणी मागत फिरण्यापासून त्या खुर्चीपर्यंतची वाट कशी गेली, ती सांगण्यासारखी आहे. युरोपच्या इतिहासाच्या पुस्तकांत तिला फारशी जागा मिळालेली नाही.

गॅब्रिएलेचा जन्म ३० मार्च १८६१चा. त्याच महिन्याच्या सुरुवातीला झार दुसऱ्या अलेक्झांडरनं भूदासांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला होता. जन्म पुझिनिश्किस नावाच्या छोट्या जमीनदारी वाड्यात, पानेवेझिस शहराच्या परिसरात. वडील योनास लेओनास पेत्केविचियस डॉक्टर होते. योनिश्केलिस इथं कार्प घराण्याच्या देणगीतून चालणाऱ्या इस्पितळात ते काम करत. हे कार्प घराणं जरा निराळं. त्यातल्या इग्नास कार्पनं आपल्या मृत्युपत्रात आपल्या भूदासांना मोकळं करण्याची आणि लोकांसाठी इस्पितळ काढण्याची तरतूद करून ठेवली होती, तीही मुक्तीच्या जाहीरनाम्याच्या कितीतरी आधी, त्या शतकाच्या आरंभी. गॅब्रिएलेचं बालपण त्या इस्पितळाच्या सावलीत गेलं. शेतावरून गाड्यांत घालून आणलेले रोगी, त्यांच्या बायका, त्यांची भाषा, हे सगळं तिनं जवळून पाहिलं.

भाषेचा प्रश्न इथं फार महत्त्वाचा. जमीनदार घराण्यांची भाषा पोलिश, सरकारची रशियन, आणि लिथुआनियन ही कुणब्यांची, चुलीपाशी बोलायची भाषा. त्यात १८६३च्या उठावानंतर सरकारनं आणखी एक घाव घातला. लिथुआनियन भाषा लॅटिन लिपीत छापायला बंदी केली. छापायचं तर रशियन लिपीत छापा. ही बंदी थेट १९०४पर्यंत, म्हणजे ४० वर्षं टिकली. प्रार्थनेचं पुस्तक असो, मुळाक्षरांचं असो की पंचांगवजा दिनदर्शिका असो, लॅटिन अक्षरांत असलं की तो गुन्हा. लोकांनी मात्र रशियन लिपीतल्या सरकारी पुस्तकांना हात लावला नाही. सीमेपलीकडं प्रशियात तिल्झे गावी, ज्याला जर्मन टिल्सिट म्हणत, पुस्तकं छापली जात आणि रात्रीच्या अंधारात पाठीवर गोणी टाकून माणसं ती सीमेच्या अलीकडं आणत. पकडले गेले तर तुरुंग, नाहीतर सैबेरिया. कित्येक जण सीमेवरच्या शिपायांच्या गोळ्यांना बळी पडले.

गॅब्रिएलेला घरी शिकवायला जे मास्तर होते, ते होते लाउरिनास इविन्स्किस. लिथुआनियन भाषेतली पहिली दिनदर्शिका काढणारा हा माणूस. १८४६पासून तो शेतकऱ्यांसाठी ती काढत होता. तिथीवार, जत्रा-बाजार, शेतीचा सल्ला, आणि मधूनमधून एखादी कविता, असा तिचा मजकूर. बंदी आली आणि त्याचं काम थांबलं. असा मास्तर घरात असल्यावर डॉक्टरांच्या मुलीच्या मनात लिथुआनियन भाषेविषयी तुच्छता कुठून येणार?

पुढं ती लाटव्हियातल्या मितौला, आताच्या येल्गावाला, मुलींच्या शाळेत शिकली. तिला गणिताची मनापासून ओढ होती, विद्यापीठात जाऊन गणित शिकायचं होतं. वडिलांनी परवानगी दिली नाही. वडील उदार मनाचे, रोग्यांसाठी जीव टाकणारे, पण मुलीच्या बाबतीत त्यांचं पाऊल तिथंच अडखळलं. त्यात पाठीच्या कण्याचं दुखणं तिच्या मागं लागलं होतं, ते जन्मभर सुटलं नाही. ज्या मुलीला स्वतःला विद्यापीठ मिळालं नाही, तिनं पुढं दुसऱ्यांची मुलं विद्यापीठात पाठवायची संस्था काढली. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

घरी परतल्यावर गॅब्रिएलेंनी जे काम हाती घेतलं त्याला आपण आज समाजकार्य म्हणू. तेव्हा त्याला कसलंच नाव नव्हतं. वडिलांच्या हाताखाली औषधपाणी करायचं. आसपासच्या शेतकऱ्यांची मुलं गोळा करून त्यांना लिहायला-वाचायला शिकवायचं, तेही बंदीतल्या लॅटिन अक्षरांत, म्हणजे पुन्हा चोरून. सीमेपलीकडून आलेली पुस्तकं घरोघर पोचवायची. त्यांनी मधमाश्या पाळल्या आणि त्यांतूनच ‘बिते’, म्हणजे मधमाशी, हे टोपणनाव घेतलं. पुढं त्याच नावानं त्या सगळीकडं ओळखल्या गेल्या. आपणही त्यांना बितेच म्हणू. १८९०पासून त्यांचं लिखाण ‘वार्पास’मध्ये आणि शेतकऱ्यांसाठीच्या ‘ऊकिनिंकास’मध्ये येऊ लागलं. ‘वार्पास’ हे विन्त्सास कुदिर्कांनी काढलेलं मासिक. तेही तिल्झेला छापलं जाई आणि गोणीतूनच देशात येई. कुदिर्का स्वतः डॉक्टर. त्यांनी लिहिलेलं गीत आज लिथुआनियाचं राष्ट्रगीत आहे.

आता ‘झिबुरेलिस’कडं जरा जवळून पाहू. कारण या साऱ्या कहाणीचं मर्म माझ्या मते तिथंच आहे.

संस्था बेकायदा. तिच्यासाठी पैसा मागायचा म्हणजे विश्वासातल्या माणसाकडंच मागायचा. पावती द्यायची नाही. देणगीदाराचं नाव ठळक अक्षरांत कुठं लिहायचं नाही, कारण वही पोलिसांच्या हाती लागली तर देणाराही गोत्यात आणि घेणाराही. डॉक्टर, वकील, औषधविक्रेते, पुढारलेले काही पाद्री, थोडेफार जमीनदार अशांकडून पैसे जमत. खासगी मेळावे, सोडती, हौशी नाटकं यांतून भर पडे. मग प्रश्न येई तो कुणाला द्यायचे याचा. मागणारे पुष्कळ, पैसा तोकडा. एकाला दिलं तर दुसऱ्याचं वर्ष बुडणार. तो मुलगा खरंच गरजू आहे का, त्याला शिक्षण झेपेल का, शिकून तो लोकांच्या कामी येईल का, हे सगळं पत्रांतून, ओळखीपाळखीतून समजून घ्यायचं, आणि तेही सांकेतिक भाषेत. ज्यांना मदत मिळाली त्यांतले काही कडवे समाजवादी निघाले, काही लेखक, काही प्राध्यापक.

सरकारी अंदाजपत्रक म्हणतात ते याहून निराळं काय असतं? तोकडा पैसा, अनेक मागण्या, निवाडा करायचा, त्याचा जाब द्यायचा आणि वाईटपणा घ्यायचा. ज्या देशात लिथुआनियन माणसाला गावच्या शाळेचाही कारभार स्वतःच्या हातात घेता येत नव्हता, तिथं या बायका चोरून का होईना, कारभार शिकत होत्या. बैठक भरवणं, मतभेद ऐकून घेणं, ठराव करणं, हिशेब चोख ठेवणं. पुढं संसदेत जे लागतं ते सगळं या वर्गणीच्या संस्थेत त्यांच्या अंगवळणी पडलं.

पोविलास विशिन्स्किस नावाचा विद्यार्थी याच गोतावळ्यातला. त्यानं आपल्या शेजारच्या एका पन्नाशीच्या शेतकरी बाईला लिहितं केलं. तिचं नाव युलिया झिमान्तिएने. ‘झेमाइते’ या नावानं ती आजही प्रत्येक लिथुआनियन मुलाला शाळेत भेटते. पडक्या सरदार घराण्यातली मुलगी, भूदास राहिलेल्या माणसाशी लग्न केलेली, आयुष्यभर खळ्यात आणि गोठ्यात राबलेली. विशिन्स्किसनं तिची बितेंशी गाठ घालून दिली आणि दोघींची जोडी जमली. ‘दोन बायका’ अशा अर्थाच्या एकाच टोपणनावानं त्यांनी मिळून नाटकं लिहिली. वाड्यातली डॉक्टरांची लेक आणि डोक्याचा रुमाल कधीच न सोडणारी शेतकरीण. त्या काळच्या लिथुआनियात या दोन जगांतल्या बायका एका टेबलाशी बसून लिहितात, हेच मोठं धाडस होतं.

नाटक म्हणजे पुन्हा गुन्हाच. लिथुआनियन भाषेतल्या उघड प्रयोगाला परवानगी मिळत नसे. खळ्यांत, कोठारांत चोरून प्रयोग होत. पण २० ऑगस्ट १८९९ रोजी समुद्रकाठच्या पालांगा गावी एक प्रयोग उघडपणे, रीतसर परवानगी काढून झाला. नाटकाचं नाव ‘अमेरिका न्हाणीघरात’, आणि ते होतं भाबड्या गावकऱ्यांना अमेरिकेच्या स्वप्नानं गंडवणाऱ्या एका ठकसेनाचं. ही गोष्ट जमली त्यामागं एक प्रशासकीय फट होती. पालांगा त्या काळी कुर्लंड प्रांतात मोडत असे आणि तिथले अधिकारी विल्नियस-काउनासच्या अधिकाऱ्यांइतके कडक नव्हते. गावचे डॉक्टर ल्युदास वाइनेइकिस यांनी परवानगी काढली, काउंट तिश्किएविचच्या मालकीच्या एका कोठारात रंगमंच उभा राहिला. विशिन्स्किस आणि बिते यांनी प्रयोगाची जुळवाजुळव केली. शेकडो लोक आले. आपली भाषा एवढ्या माणसांसमोर, दिव्यांच्या उजेडात, कुणी शिपाई धावून न येता बोलली जाते, हे त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्यांदाच अनुभवलं असणार. वर्षभरातच वाइनेइकिसना बंदीतली पुस्तकं वाटल्याबद्दल अटक झाली आणि पुढं सैबेरियाची वाट धरावी लागली.

१९०४ साली छपाईवरची बंदी उठली. १९०५च्या क्रांतीनं झारचं सिंहासन हादरलं. त्या वर्षी सप्टेंबरात लिथुआनियन स्त्रियांची पहिली राजकीय संघटना स्थापन झाली. डिसेंबरात विल्नियसला सुमारे २,००० प्रतिनिधींची महासभा भरली. योनास बासानाविचियस तिचे अध्यक्ष होते. या महासभेनं स्वायत्त लिथुआनिया मागितला, विल्नियसला संसद मागितली, आणि त्या संसदेसाठी स्त्री-पुरुष असा भेद न करता सर्वांना मत मागितलं. पुढच्या वर्षी फिनलंडच्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. लिथुआनियात मात्र क्रांती चिरडली गेली आणि मागणी कागदावर राहिली.

पण बायका थांबल्या नाहीत. १९०७च्या शरद ऋतूत काउनासला लिथुआनियन स्त्रियांची पहिली परिषद भरली. अध्यक्ष होत्या बिते. ही परिषद गोडीगुलाबीनं पार पडली असं कुणी समजू नये. एका बाजूला बिते आणि त्यांच्या उदारमतवादी मैत्रिणी, दुसऱ्या बाजूला पाद्र्यांच्या मार्गदर्शनाखाली आलेल्या कॅथलिक स्त्रिया. स्त्रीनं शिकावं, दारूबंदीसाठी झटावं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पण स्त्रियांची संघटना चर्चच्या छायेत असावी की स्वतंत्र, यावर गाडं अडलं. दोन्ही बाजूंना मान्य अशी एकच संघटना काही उभी राहिली नाही. पुढच्या वर्षी कॅथलिक स्त्रियांनी आपला वेगळा संघ काढला, आणि तो लवकरच संख्येनं कितीतरी मोठा झाला. बितेंच्या बाजूचं बळ कायम कमीच राहिलं, हे मान्य करायला हवं. खेडोपाडीची स्त्री रविवारी चर्चमध्ये जात होती. तिच्यापर्यंत पोचायचा सोपा रस्ता पाद्र्याच्या हातात होता.

१९०८च्या डिसेंबरात पीटर्सबर्गला अखिल रशियन स्त्री परिषद भरली तेव्हा लिथुआनियातून बिते आणि झेमाइते दोघी गेल्या. साम्राज्याच्या राजधानीत, उच्चशिक्षित रशियन बायकांच्या गर्दीत, डोक्याला रुमाल बांधलेली झेमाइते. कल्पना करून पाहावं असं दृश्य आहे ते.

याच काळात ‘झिबुरेलिस’ची धुरा फेलिसिया बोर्टकेविचिएने यांच्याकडं आली. बितेंपेक्षा १२ वर्षांनी लहान, विलक्षण कामसू बाई. ‘लिएतुवोस झिनिओस’ आणि ‘लिएतुवोस ऊकिनिंकास’ ही दोन वृत्तपत्रं त्या चालवत. त्यांत वर्गणीदार, छापखान्याची उधारी, सेन्सॉरचा दंड, खटले, सगळं त्याच निस्तरत. बितेही विल्नियसला राहायला आल्या आणि त्या वृत्तपत्रांत, स्त्रियांच्या पुरवणीत लिहू-संपादू लागल्या. या दोघींकडं एकत्र पाहिलं की कामाची वाटणी कशी पडली ते कळतं. बितेंकडं शब्द आणि अधिकार, बोर्टकेविचिएनेंकडं व्यवहार आणि चिकाटी. महायुद्धात निर्वासितांना आणि राजकीय कैद्यांना मदत पोचवण्याचं कामही बोर्टकेविचिएने यांनीच अंगावर घेतलं.

महायुद्धाची वर्षं बितेंनी पुझिनिश्किसलाच काढली. १९१५ साली जर्मन फौजांनी मुलूख ताब्यात घेतला. घोडे गेले, धान्य गेलं, माणसं वेठीला धरली गेली. वडिलांपाशी शिकलेल्या वैद्यकीनं बितेंनी शेजारपाजारच्या लोकांवर उपचार केले आणि रोजच्या रोज डायरी लिहिली. ती पुढं पुस्तकरूपानं आली. सेनापतींच्या आठवणींत जे सापडत नाही ते त्या डायरीत आहे. युद्धात खेडं कसं जगतं, लोक काय खातात, काय लपवतात, कुणाला घाबरतात.

१९१७च्या सप्टेंबरात विल्नियसला लिथुआनियन नेत्यांची परिषद भरली. तिनं देशाचं भवितव्य ठरवायला २० जणांचं मंडळ निवडलं. परिषदेच्या २००हून अधिक प्रतिनिधींत एकही स्त्री नव्हती. साहजिकच मंडळातही नव्हती. पंचवीस वर्षं ज्यांनी पुस्तकं वाटली, पैसा जमवला, मुलं शिकवली, त्यांची देश उभारायच्या वेळी कुणाला आठवण झाली नाही. स्त्रियांनी निषेध केला, निवेदनं दिली, सभा घेतल्या. हा विसर मला फार बोचतो, कारण तो शत्रूकडून झालेला नव्हता. १९०५च्या महासभेत स्त्रियांच्या मतासाठी ज्यांनी हात वर केले होते त्याच पिढीतली ही माणसं होती.

तरी ती मागणी वाया गेली नाही. १६ फेब्रुवारी १९१८ रोजी स्वातंत्र्य जाहीर झालं आणि २ नोव्हेंबर १९१८च्या तात्पुरत्या संविधानानं लिंग, वंश, धर्म न पाहता सर्व नागरिक समान मानले. फ्रान्सच्या स्त्रियांना मत मिळायला १९४४ साल उजाडावं लागलं, स्वित्झर्लंडच्या स्त्रियांना १९७१. लिथुआनियानं हे जन्माच्या वेळीच देऊन टाकलं. अर्थात तेव्हा ते राज्य नुसतं नावाला होतं. लवकरच बोल्शेविक फौजा आत घुसल्या, पोलंडशी लढाई जुंपली, विल्नियस हातातून गेलं आणि काउनास ही तात्पुरती राजधानी झाली.

१४ आणि १५ एप्रिल १९२० रोजी संविधान सभेसाठी मतदान झालं. सुमारे ९० टक्के लोकांनी मत दिलं. शेतकरी बायका पहिल्यांदाच मतपेटीपाशी गेल्या. ११२ जागांपैकी ५९ कॅथलिक पक्षांच्या गटाला मिळाल्या आणि २९ जागा शेतकरी संघ व समाजवादी लोकपक्षाच्या गटाला. बिते या दुसऱ्या गटातून निवडून आल्या. तेव्हा त्या पानेवेझिसच्या शाळेत शिकवत होत्या.

पहिली बैठक १५ मे १९२० रोजी संध्याकाळी काउनासच्या नगर नाट्यगृहात भरली. संसदेला स्वतःची इमारत कुठून असणार? राष्ट्राध्यक्ष अंतानास स्मेतोना यांनी सभेचं उद्घाटन केलं. मग रिवाजाप्रमाणं वयानं सर्वांत ज्येष्ठ सदस्याला अध्यक्षस्थानी आणि सर्वांत तरुण सदस्याला चिटणीस म्हणून बोलावलं गेलं. ज्येष्ठ होत्या ५९ वर्षांच्या गॅब्रिएले पेत्केविचाइते. तरुण होती १८९६ साली जन्मलेली ओना मुराश्काइते. एका नव्या देशाच्या पहिल्या निवडलेल्या सभेच्या व्यासपीठावर, अध्यक्ष आणि चिटणीस अशा दोन्ही जागी स्त्रिया. दोन वर्षं आणि आठ महिन्यांपूर्वी याच देशाच्या परिषदेत एकही स्त्री नव्हती.

वयाच्या नियमानं त्यांना ती खुर्ची मिळाली, त्यांना कुणी निवडून तिथं बसवलं नाही, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण ५९ वर्षांची बाई त्या सभेत सर्वांत ज्येष्ठ ठरते, याचाही विचार करावा. कुदिर्का १८९९मध्ये गेले, विशिन्स्किस १९०६मध्ये, बिलियूनास १९०७मध्ये. तिघेही क्षयानं, तिघेही पन्नाशी न पाहता. ज्यांनी हे काम ओढलं त्यांतले पुष्कळ जण त्या नाट्यगृहात पोचलेच नाहीत. दुखऱ्या कण्याच्या बिते पोचल्या.

त्याच संध्याकाळी सभेनं लिथुआनिया हे स्वतंत्र लोकशाही प्रजासत्ताक असल्याचा ठराव एकमतानं केला. कायमचे अध्यक्ष म्हणून अलेक्सांद्रास स्तुल्गिन्स्किस निवडले गेले. ते बितेंपेक्षा २४ वर्षांनी लहान होते.

संविधान सभेत सगळ्या मिळून आठ स्त्रियांनी काम केलं. बोर्टकेविचिएने त्यांत होत्या, आणि कॅथलिक स्त्रियांच्या पुढारी मग्दालेना द्राउगेलिते-गाल्दिकिएने याही होत्या. काउनासच्या परिषदेत ज्या दोन वाटा फुटल्या होत्या, त्या इथं एका छपराखाली आल्या. एकमेकींचं पटत नव्हतं, तरी स्त्रियांच्या कायदेशीर हक्कांचा प्रश्न निघाला की दोन्हींकडचं म्हणणं पुष्कळसं सारखं असे. नैऋत्येकडच्या मुलखात तोवर नेपोलियनची जुनी दिवाणी संहिता चालू होती, तिच्याप्रमाणं विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून व्यवहार करता येत नसे. उरलेल्या मुलखात रशियन कायदा, त्यात वारशात मुलीचा वाटा अगदीच तोकडा. मताचा हक्क एका ओळीत देता येतो. घरातला, जमिनीतला, वारशातला हक्क मिळवायला मात्र एकेक कलम झिजवावं लागतं. हे काम या स्त्रियांनी हाती घेतलं.

सभेनं १५ फेब्रुवारी १९२२ रोजी जमीन सुधारणेचा कायदा केला. ८० हेक्टरपेक्षा जास्त जमीन सरकारजमा करून ती भूमिहीनांना आणि स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांना वाटायची, असा तो कायदा. पाद्री मिकोलास क्रुपाविचियस त्याचे शिल्पकार. बितेंचा स्वतःचा जन्म वाड्यातला, पण जमीनवाटपाच्या बाजूनंच त्यांचा पक्ष उभा होता. १ ऑगस्ट १९२२ रोजी कायमचं संविधान मंजूर झालं, त्यातही स्त्री-पुरुष समानता होती. त्याच वर्षी देशाचं नवं चलन आलं. सव्वादोन वर्षांत एवढं काम उरकणारी सभा जगाच्या इतिहासात फारशी सापडायची नाही.

बिते १९२४पर्यंत पानेवेझिसच्या शाळेत शिकवत राहिल्या. लिथुआनियन भाषेत जागतिक साहित्याचं पाठ्यपुस्तक नव्हतं, ते त्यांनीच लिहिलं. १९३३ साली त्यांची ‘आद आस्त्रा’ ही कादंबरी आली. गोण्यांतून पुस्तकं येत त्या काळातल्या माणसांची ती गोष्ट आहे.

संसदेचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगता येतं. १७ डिसेंबर १९२६च्या रात्री लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं. स्मेतोना पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९२७च्या एप्रिलमध्ये त्यांनी संसद बरखास्त केली. त्यानंतर नऊ वर्षं देशात संसदच नव्हती. ‘झिबुरेलिस’ मात्र चालूच राहिली. गरीब मुलामुलींना ती शिक्षणासाठी पैसे देत होती, तेही आता उघडपणे. १९४० साली सोव्हिएत सत्ता आली तेव्हाच तिचा कारभार थांबला. तोवर तिनं ४७ वर्षं भरली होती. बिते १४ जून १९४३ रोजी, जर्मन अमलाखालच्या पानेवेझिसमध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी वारल्या. त्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाला त्यांचं नाव दिलेलं आहे.